ज्याचं त्यानं पुसावं

ज्या माणसाविषयी मी हे लिहीत आहे, त्यांच्यावर मी एकदा चोरीचा आळ घेतला होता. खोट्या नावानं, भर चौकातल्या भिंतीवर, खडूनं. तो आळ खोटा होता हे मला थोड्याच दिवसांत कळलं, पण तसं सांगायला मला बरीच वर्षं लागली. हे आधीच सांगून टाकतो. नारायणराव उमाठे वकिलांचं कौतुक आधी आणि माझी चूक नंतर, हा क्रम त्यांना चालला नसता. "मुद्दा पह्यले सांग, मंग रड," असं ते आपल्या अशिलांना सांगत.

मी सावनेरचा. कॉलेजसाठी नागपूरला आलो तेव्हा जरीपटका वस्तीच्या बऱ्याच अलीकडे, एका मोहल्ल्यात माडीवरची खोली घेऊन राहिलो. खाली चौक, चौकात बळीराम गभण्यांची पिठाची चक्की, तिच्यासमोर पानठेला. चक्कीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक भलामोठा चौकोन होता. रोज सकाळी एक उंच, सडपातळ गृहस्थ काखेत छत्री आणि हातात वर्तमानपत्र घेऊन येत, चौकोनाच्या माथ्यावर आपली कालची बातमी पुसून खडूनं नवी लिहीत, मागे सरून ती स्वतःच मोठ्यानं वाचत आणि मग तिच्याशी भांडत. "असं कसं म्हणतं बाप्पा तू?" असं त्या बातमीला विचारत. त्याखाली येणारे-जाणारे दिवसभर आपापलं मत लिहीत. आठवडा संपेपर्यंत चौकोन भरून जाई.

एके सकाळी मी ते वाचत उभा होतो आणि कुणाच्या तरी वेड्यावाकड्या वाक्याला हसलो.

"हसून काहून राहिला गा?" मागून आवाज आला. मी काहीतरी पुटपुटलो. वकिलांनी पानठेल्यावरच्या डब्यातून खडू काढून माझ्या हातावर ठेवला. "हसू भिंतीवर उमटत नाही. मुद्दा असंन तर लिही."

मी लिहिलं की जकात बंद केली पाहिजे, व्यापार वाढेल. कुठंतरी वाचलेलं वाक्य होतं. संध्याकाळी त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग सडका झाडणाऱ्याचा पगार कोठून देणार?’ राज्यशास्त्र हा माझा कॉलेजातला विषय, पण कार्पोरेशनला पैसा कुठून येतो हे शोधायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा त्या भिंतीनं आणली. मी शोधलं, परत येऊन लिहिलं, पुन्हा खोडला गेलो. तो प्रश्न विचारणारा हातगाडी ओढणारा होता की कुणी प्राध्यापक, हे मला कधीच कळलं नाही. त्याचीच तर मजा होती.

भिंत बळीरामची आणि कल्पना वकिलांची. दोघं काटोलचे, एकाच शाळेतले, पोटापाण्यासाठी मागेपुढे नागपूरला आलेले. वकिलांनी भिंतीचे नियम घालून दिले होते. दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढायचं तर आधी त्याचं म्हणणं एका ओळीत असं लिहायचं की त्यानं म्हणावं, हो, हेच म्हणतो मी. नाव घालायची सक्ती नव्हती, टोपणनाव चाले. मी एकदा विचारलं की असं का, माणसानं नावानिशी बोलावं. ते म्हणाले, "आडनाव वाचलं का लोक मुद्दा नाही वाचत गा, जात वाचतात." आणि सगळ्यांत मोठा नियम पुसण्याचा. रविवारी सकाळी सबंध भिंत ओल्या पोत्यानं पुसली जाई. तोवर कुणी कुणाचं पुसायचं नाही. चुकलं असं वाटलं तर ज्याचं त्यानं पुसावं.

कोर्टात त्यांचं फारसं चालत नसे. भाडेकरूंची भांडणं, हद्दीचे वाद, असली कामं येत आणि त्यांतही समोरच्या पक्षाची बाजू त्यांना अर्ध्यात पटू लागे. खरं वेड निवडणुकीचं. कार्पोरेशनला ते अपक्ष म्हणून दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा डिपॉझिट घालवून बसले. दुसऱ्या वेळी छत्री हे चिन्ह मिळालं होतं. निवडणूक गेली, पण छत्री काखेतून गेली नाही, कडाक्याच्या थंडीतही. स्वतःचा मोठेपणा त्यांना आवडत असे आणि ते तो लपवतही नसत. त्यांच्या ओसरीवर एका मंत्र्याच्या दौऱ्याचा फोटो चौकटीत लावलेला होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दाखवत. "मंत्र्याच्या खांद्यामागं जो कान दिसते ना, तो माझा."

बळीराम त्यांना ‘ए कान’ अशी हाक मारत असे. चक्कीच्या घरघरीत ओरडूनच बोलायची त्याला सवय, त्यामुळे ती हाक सगळ्या चौकाला ऐकू जाई. वकील उत्तर देत, "बोल, पीठ." यातच त्यांची सकाळ होई.

भिंतीवर माझा हात बसला तसा मी ‘निर्भीड’ हे नाव घेतलं. नाव निर्भीड, पण लिहायला जायचो ते उन्हाळ्याच्या भर दुपारी, चौकात चिटपाखरू नसताना. खडू पाण्यात बुडवून लिहिलं की अक्षर आधी दिसतच नाही, मग वाळून ठळक पांढरं होतं आणि हात लागला तरी जात नाही. ही युक्ती बळीरामची. त्याच्या चक्कीवर ज्वारी दळायला नेली असताना त्यानं मला ती दाखवली होती. चौकात तसं लिहिणारा तोवर तो एकटाच होता.

एकदा आमच्या सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीवरून भिंतीवर वाद पेटला. या वेळी मी स्वतःच्या नावानं लिहिलं आणि सर्वांत जास्त लिहिलं. लोकांनी वाहवा केली. वकिलांनी मला ठेल्यापाशी गाठलं आणि विचारलं, "तू तं तिकडचाच. खाणीत गेला होता काय कधी?"

मी म्हटलं, "नाही, पण सगळं भिंतीवर आलंच आहे ना."

"भिंत प्रश्न विचारायले चांगली," ते म्हणाले. "उत्तर पाहिजे तं उठून जा लागते. शनिवारी घरी जाशीन ना? मंग दोन कोस पुढं जाऊन पाहून ये."

मी शनिवारी घरी गेलो, आईच्या हातचं जेवलो आणि सोमवारी परत आलो. खाणीकडे गेलो नाही. भिंतीवर मात्र पुढचा आठवडाभर लिहीत राहिलो.

त्या उन्हाळ्यात वकील तिसऱ्यांदा उभे राहिले. बळीराम दुसऱ्या एका उमेदवाराच्या प्रचारात होता, त्याचा तो नात्यातला होता. तरी ‘ए कान’ आणि ‘बोल, पीठ’ चालूच होतं. या वेळी वकिलांना खरोखर आशा होती. लोक त्यांना घरात बोलावून पाणी देत होते, आणि त्या उन्हाळ्यात पाणी देणं ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या नळाला सकाळी जेमतेम तासभर धार यायची.

एका दुपारी सायकलवरून मी वकिलांच्या घरावरून गेलो. अंगणाच्या भिंतीआड पाणी वाजत होतं. सगळा मोहल्ला कोरडा आणि इथं भरदुपारी पाणी. दार उघडंच होतं. मी उतरलो नाही. सोमवारी भिंतीवर लिहिलं, ‘वकिलांच्या घरी दुपारी पाणी कसे?’ तो नुसता प्रश्न होता, हे आजही सांगतो, पण त्याचा आधार घेत नाही.

मंगळवारी त्याखाली एकानं लिहिलं होतं, ‘मीही असे ऐकले आहे.’ दुसऱ्यानं, ‘परवानगी घेतली आहे काय?’ बुधवारी कुणी लिहिलं, ‘मोठ्या रस्त्याच्या लाइनवरून परस्पर जोड घेतला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.’ वेगवेगळ्या हातांची अक्षरं होती. माझी खात्री पटली. एवढी माणसं एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खोटी कशी असेल? गुरुवारी दुपारी मी पहिल्यांदाच खडू पाण्यात बुडवला आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘उमाठे वकिलांच्या अंगणात चोरीचा नळ आहे. - निर्भीड.’ मतदान शनिवारी होतं.

शुक्रवारी सकाळी मी चहाचा पेला घेऊन माडीच्या कठड्याशी उभा होतो. प्रचारामुळे चार दिवस भिंतीकडे न फिरकलेले वकील आले. नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचू लागले आणि ‘चोरीचा’ या शब्दाशी थांबले. भिंतीशी भांडले नाहीत. पानठेलेवाला ओला बोळा घेऊन धावला आणि पुसून टाकू का म्हणाला.

"तुह्यं आहे काय ते?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. "मंग राहू दे. ज्याचं त्यानं पुसावं."

त्यांनी त्याच्या हातून बोळा घेतला आणि भिंतीखालच्या ओट्यावर ठेवला. मग त्याखाली एक ओळ लिहिली, ‘माझे अंगण उघडे आहे. येऊन पाहावे. - ना. उमाठे.’ आणि प्रचाराला निघून गेले.

तो बोळा ज्यानं लिहिलं त्याच्यासाठी ठेवलेला होता. मी वरून पाहत होतो. तासाभरात तो उन्हानं कडकडीत वाळला.

त्यांच्या अंगणात कुणी गेलं नाही. घर हाकेच्या अंतरावर होतं. पण ‘येऊन पाहावे’ या ओळीचा अर्थ काय, यावर मात्र दिवसभर वाद झाला. एक म्हणाला, निर्दोष माणूसच असं लिहितो. दुसरा म्हणाला, नळ काढून टाकला असेल म्हणून बोलावतो आहे. तिसऱ्यानं त्यात उर्मटपणा पाहिला. संध्याकाळपर्यंत भिंतीवर बोटभर जागा उरली नाही. मीही दोन ओळी लिहिल्या. काय, ते आता आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी सांगायची लाज वाटली असती.

वकील पडले. ते तसेही पडले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

निकालानंतर मोहल्ल्यातली माणसं त्यांना भेटायला गेली, मीही गेलो. भिंतीवर न लिहिता नुसतं भेटायला जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. अंगणात पाय ठेवला आणि थांबलो. एका भिंतीतून लोखंडी नळी आत येत होती, जमिनीवरून अंगण ओलांडत होती आणि समोरच्या भिंतीतून बाहेर जात होती. मधल्या एका जोडाशी पाणी गळत होतं आणि त्याखाली ठेवलेल्या टिनाच्या बादलीत वाजत होतं. तोच आवाज. नळी कुठं जाते ते मी काकूंना, म्हणजे वकिलांच्या पत्नीला विचारलं.

"मागच्या गल्लीत," त्या म्हणाल्या. "बिड्या वळणाऱ्या बाया राह्यतात ना तिकडं. त्याह्यले लाइनच नव्हती. मोठ्या सडकेच्या लाइनले दुपारी पाणी येते, ते आमच्या आंगणातूनच नेता येत होतं. मंजुरीसाठी वर्षभर चपला झिजवल्या याह्यनं. काटोलहून आणलेलं संत्र्याचं झाड तोडलं नळीसाठी. मी महिनाभर बोलली नाही याह्यच्याशी."

ओसरीवरून वकील म्हणाले, "पाणी माझ्या आंगणातून जाते. थांबत नाही." आणि भेटायला आलेल्यांना फोटोतला कान दाखवू लागले.

बिड्या वळणाऱ्या त्या बायकांना खरं ठाऊक होतं. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या भिंतीवर कधी त्यांचा शब्द उमटला नव्हता आणि त्यांचा शब्द तिथं नाही, हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी पुढच्या दिवसांत एकेकाला आडून आडून विचारलं, तुम्हाला नळाचं कुठून कळलं होतं? प्रत्येकानं सांगितलं, भिंतीवर वाचलं. तिथं पहिला प्रश्न माझा होता. माझाच आवाज चार तोंडांतून फिरून मला ऐकू आला आणि मी तो पुरावा समजलो.

तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट तिथं संपली असती. पण दरम्यान वकिलांनी आपला निकाल दिला होता. ओल्या खडूचं अक्षर चौकात एकाचंच. शिवाय तो विरोधी प्रचारात. त्यांनी बळीरामशी बोलणं टाकलं.

बळीराम चक्की बंद करून रस्त्यावर आला होता. "अबे वकील, मी लिहीन तं नावानं लिहीन. तुले भ्यालो काय मी?"

"नाही म्हणणं हा आरोपीचा हक्कच आहे," वकील म्हणाले आणि छत्री सावरून चालू लागले. मी त्या वेळी ठेल्यावर उभा होतो. तोंडात पान होतं, असं मी मनाशी कारण दिलं.

त्यानंतर वकिलांनी बळीरामच्या चक्कीवर दळण टाकलं नाही. ज्वारीचं पोतडं सायकलला बांधून ते पार जरीपटक्याला दळायला नेत. काखेत छत्री, मागे पोतडं, उन्हात सायकल ढकलत चाललेले वकील मी माडीवरून पाहत असे. सकाळी ते भिंतीवर बातमी लिहायला येतच राहिले, पण चक्कीच्या दाराकडे तोंड वळवत नसत. आणि बळीराम दर दिवाळीआधी त्या चौकोनाला न चुकता काळा रंग देत राहिला. दोघांमध्ये तेवढी भिंत उरली होती.

मी भिंतीवर लिहिणं सोडलं. पुढे अमरावतीला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. भिंतीनं मला जे दिलं ते मी नाकारत नाही. अंदाजपत्रक वाचायला, समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडायला, अनोळखी माणसाला न भिता प्रश्न विचारायला मी तिथंच शिकलो. ऑफिसातल्या युनियनमध्ये लोक माझं ऐकतात ते त्यामुळेच. पण कुणी एखाद्याबद्दल ‘सर्वांना ठाऊक आहे’ असं म्हणालं की माझ्या कानात अजून टिनाच्या बादलीत पाणी वाजतं.

दोन वर्षांपूर्वी कळलं की वकिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे आणि प्रकृतीमुळे डॉक्टर शस्त्रक्रियेला तयार नाहीत. मी नागपूरला गेलो. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांना आनंद झाला. ते बोलत गेले असते तर माझा धीर गेला असता, म्हणून मी मुद्दा आधी सांगितला.

उलटतपासणी घ्यावी तसं त्यांनी विचारलं, "खडू पाण्यात बुडवला होता काय?"

"हो."

"कोणापासून शिकला?"

"बळीरामकाकांपासून."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "इतकी वर्षं मी जरीपटक्याचं पीठ खाल्लं गा," ते म्हणाले. "बळीराम म्हणे, मी नाही लिहिलं. मी त्याचं नाही मानलं. भिंतीचं मानलं. तू आंगण नाही पाह्यलं अन् मी माणूस नाही पाह्यला. तुह्यात अन् माह्यात काय फरक राह्यला?"

मी म्हटलं की मला माफ करा. ते एकदम जुन्या आवाजात म्हणाले, "कानात काय सांगून राहिला? भिंतीवर लिहिलं होतं ना? तिथं लिही. अन् आता नाव टाक."

चौकात गेलो. पानठेल्यावर आता टीव्हीतल्या मालिकांच्या गप्पा चालत होत्या. भिंतीवर वरच्या कोपऱ्यात फक्त एक रक्तदान शिबिराची सूचना होती. पण चौकोन काळाभोर होता, रंग ताजा होता. खडूचा डबाही होता. मी ठेल्यावरून पेलाभर पाणी घेतलं आणि लिहायला लागलो. संध्याकाळ होती, रस्ता भरलेला होता, लोक थांबून पाहत होते. अक्षर ओलं असताना दिसत नव्हतं, त्यामुळे मी काय लिहितो आहे ते कुणालाच कळेना.

वकील सायकलरिक्षातून आले. काकू सोबत होत्या. छत्री काखेत होती. रिक्षा भिंतीसमोर उभी राहिली आणि ते म्हणाले, "मले दिसत नाही. कोणीतरी वाचा."

चक्कीची घरघर थांबली. बळीराम दारात आला, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झालेला. त्यानं आधी रिक्षाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. अक्षरं वाळून उमटू लागली होती. तो त्याच्या नेहमीच्या आवाजात, चक्की चालू असल्यासारखा ओरडून वाचू लागला.

"‘उमाठे वकिलांच्या अंगणात चोरीचा नळ आहे, असे या भिंतीवर लिहिणारा निर्भीड मी होतो. बळीराम गभणे...’"

तिथं तो थांबला. रिक्षातून वकिलांनी भिंतीच्या दिशेनं हात पुढे केला होता आणि तो तसाच राहिला होता.

"वाच ना, पीठ," ते म्हणाले.

बळीरामनं मान हलवली. ते वकिलांना दिसलं नसावं. तो रिक्षापाशी गेला आणि तो पुढे केलेला हात त्यानं आपल्या पिठानं भरलेल्या हातात घेतला. मग मीच भिंतीकडे तोंड केलं आणि उरलेलं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"‘बळीराम गभणे यांनी ते लिहिले नव्हते. मी अंगण न पाहता लिहिले. तो नळ मागच्या गल्लीचा होता. खरे कळल्यावरही मी गप्प राहिलो आणि दोन मित्रांना तुटू दिले. मी दोघांची माफी मागतो. मधुकर निखाडे, सावनेर.’"